पडला तरी न फुटणारा ग्लास : आमची वाटचाल

आमचा पहिला ग्लास साच्यातून निघाला तो अंगभर चंदेरी रेघा घेऊनच. साल २००४. भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा, प्लास्टिक वितळवून साच्यात दाबणारं १२० टनी जुनं इंजेक्शन मशीन आणि पॉलिकार्बोनेट या काचेसारख्या दिसणाऱ्या चिवट प्लास्टिकच्या दाण्याच्या चार गोण्या. त्याआधी आम्ही जॉबवर्कवर पॉलिप्रॉपिलीनची झाकणं काढायचो. तो दाणा गोणी फोडून थेट मशीनच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या नरसाळ्यात, ओतला तरी चालतो. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेतं. १२० अंशांवर चार तास सुकवल्याशिवाय बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळतो त्या नळीत, सोडायचं नसतं. आम्ही दोन तासांत सोडलं, आणि ओलाव्याने त्या रेघा उठल्या. पहिल्या शिफ्टचा सगळा माल ग्राइंडरमध्ये गेला. या धंद्यात येणाऱ्या पोरांना म्हणूनच सांगतो, मशीन जुनं घ्या, पण ड्रायर नवा घ्या.

साचा केला आमच्या डायमेकर मामांनी. कोअरला, म्हणजे साच्यातल्या ग्लासाची आतली बाजू घडवणाऱ्या भागाला, आरशासारखं पॉलिश यावं म्हणून ते डायमंड पेस्ट घेऊन आठ दिवस हाताने घासत बसले होते. ग्लासात ग्लास रुतून बसतो आणि मेसमधली पोरं तो आपटून काढतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ग्लासाच्या आत, तळापासून बोटभर वर, केसाएवढी पायरी ठेवली. वरचा ग्लास त्या पायरीवर टेकतो, भिंतीला भिंत चिकटत नाही. पन्नासाची चवड लावा, एकेक ग्लास सुटा हातात येतो. बाहेरून बघणाऱ्याला ती पायरी दिसतही नाही.

पहिली ऑर्डर नारायण पेठेत मेस चालवणाऱ्या काकूंची, दोनशे नग. तिथून माल हळूहळू पुण्याबाहेरही जायला लागला.

२३ मार्च २०१८ ला राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. बंदी एकदा वापरून फेकायच्या ग्लास-ताटल्यांवर होती, आणि ती योग्यच होती. पण दुकानदाराच्या कानावर 'प्लास्टिक' आणि 'ग्लास' एवढंच गेलं. २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. आठ दिवसांत आमची चाळीस खोकी परत आली. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर मी सत्तर ग्रॅमचा ग्लास जमिनीवर आपटून दाखवला. ते म्हणाले, "प्लास्टिकच ना?" आणि पुढे गेले. मशीन सव्वादोन महिने बंद राहिलं. घरातलं सोनं बँकेत गेलं. दोन कामगार सोडून गेले, त्यांना अडवायला तोंड नव्हतं.

खरा घाव घातला तो आमच्याच लाइनमधल्या एकाने. 'त्यांचा माल बंदीत बसतो, आमचा नाही,' असं तो डीलरांना सांगत फिरला. त्याचा ग्लास पॉलिस्टायरीनचा, वर 'अनब्रेकेबल' लिहिलेला. नखाने टिचकी मारून बघा, पॉलिस्टायरीन काचेसारखं खणकतं आणि पडलं की तडकतं. पॉलिकार्बोनेटचा आवाज दबका येतो. मी हे विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

शेवटी मेसवाल्या काकू स्वतः रिक्षा करून रविवार पेठेत आमच्या डीलरकडे गेल्या, मला न सांगता. पिशवीत पहिल्या लॉटमधले सहा ग्लास होते, घासून घासून धुरकट झालेले. त्यातला एक त्यांनी काउंटरवरून खाली सोडला, उचलला आणि म्हणाल्या, "चौदा वर्षं हा मी रोज धुतेय. याला फेकायचा ग्लास म्हणतोस होय रे?" डीलरने त्याच संध्याकाळी मला फोन केला. दहा खोकी परत ठेवून घेतली. त्या दहा खोक्यांवर मशीन सुरू झालं.

हॉटेलवाल्यांना सांगणं एवढंच की हा ग्लास सोड्याच्या कडक पाण्यात उकळू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका. मऊ स्पंज आणि साधा साबण पुरतो. उकळता चहा-दूधही त्यात ओतू नका, हा पाण्या-ताकाचा ग्लास आहे.

मामा आता नाहीत. त्यांच्या पायरीची नक्कल बाजारात आली, पण ती दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली ठेवलेली, त्यामुळे ते ग्लास रुततातच. लोक फोन करून मलाच विचारतात. वरच्या ग्लासात गार पाणी भरा, खालचा कोमट पाण्यात धरा, सुटेल. मेस आता काकूंची सून बघते. गेल्या महिन्यात तिने तीनशे नग सांगितले, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "दादा, पायरीवालेच पाठवा."