१२० तास आणि एक बंधारा

खरं सांगते, एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, मी गेले ती दहा ग्रेस मार्कांसाठी. सीनियरने हिशेब समजावला होता: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय एक सात दिवसांचं निवासी शिबिर. कॉलेज ठाण्यातलं, ख्रिस्ती संस्थेचं. संमतीपत्रावर सही करताना आईने विचारलं, "सेवा म्हणजे चर्च झाडायला लावणार का गं?" तिला सांगितलं, ही सरकारची योजना आहे, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली सुरू झालेली. कॉलेजचा रंग दिसला तो एवढाच की निघताना फादर प्रार्थना करायचे आणि शिबिरात मुलींच्या खोलीत एक सिस्टर झोपायच्या. घोरायच्याही.

तासांची नोंद डायरीत असते आणि प्रत्येक नोंदीपुढे सरांची सही लागते. मी इथेच फसले. गणेश विसर्जनाला मासुंदा तलावावर रात्री उशिरापर्यंत आम्ही निर्माल्य वेगळं करत होतो. पाऊस आला, डायरी भिजली आणि शाईच्या सह्यांचे निळे ओघळ झाले. ऑफिसातून उत्तर आलं, "सही वाचता येत नाही, तास धरता येणार नाहीत." मग अर्ज, हजेरीपटाची झेरॉक्स, तीन चकरा. नऊ तासांचे सहा मिळाले. तेव्हापासून डायरी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते आणि सही त्याच दिवशी, बॉलपेनने घेते. सरांची गाडी सुटत असली तरी.

डिसेंबरात शिबिर लागलं शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर. तानसा, भातसा ही धरणं याच तालुक्यातली. इथलं पाणी मुंबईच्या नळाला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. आमचं काम होतं ओढ्यावर वनराई बंधारा घालायचं. म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं सुतळीने शिवायची आणि पाणी आटायच्या आत ओढा अडवायचा.

पहिल्या दिवशी आम्ही जोरात होतो. गोण्या गळ्यापर्यंत ठासून भरल्या, दाभणाने शिवल्या, रांगेने रचल्या. दुपारपर्यंत मधल्या फटींतून पाणी आरामात निघून चाललं होतं. काठावर धुणं धूत बसलेल्या मावशी मघापासून बघत होत्या. शेवटी उठल्याच.

"अगं पोरी, गोण गच्च भरली का ती लोळते. पाऊण भर, म्हंजे बसते."

त्यांनी एक गोण उसवली, माती कमी केली, पुन्हा शिवली आणि ठेवून वरून पाय दिला. गोण चपटी होऊन शेजारणीला चिकटली. वरचा थर विटांसारखा, खालच्या सांध्यावर गोणीचं पोट येईल असा. फटींत चिखल थापायचा. सगळं उपसून पुन्हा सुरुवात केली. सर काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

रात्री हात इतके दुखायचे की भाकरी मोडवत नव्हती. माझी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळ ख्रिस्ती समाजातली, मैत्रीण घरून डबाभर फुग्या (तळलेले गोल, फुगीर पाव) घेऊन आली होती, नाताळच्या आधीच तळून. पहिल्याच रात्री डबा रिकामा. दोन फुग्या सिस्टरांनी मावशींसाठी बाजूला काढल्या होत्या, त्या वाचल्या. बाकीचे दिवस सर्वेक्षण, शाळेची रंगरंगोटी आणि कंटाळवाणी भाषणं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारीत आम्ही चौघी पुन्हा गेलो, कसाऱ्याची लोकल पकडून आसनगावला उतरलो, पुढे जीपने. बंधाऱ्यामागे पाणी गुडघ्याच्या वर होतं, त्यात एक म्हैस बसलेली. वरच्या थरातल्या दोन गोण्या नव्या दिसल्या. मावशींनीच बदलल्या होत्या, उंदरांनी कुरतडल्या म्हणून. शिलाई आमच्यापेक्षा बारीक होती.

या वर्षीचे ३४ तास अजून बाकी आहेत.