बेलापूरची सुनावणी आणि आजींचं बिल

ऐरोलीत आमच्या समोरच्या खोलीत एक आजी एकट्या राहतात. एक पंखा, एक ट्यूबलाइट, महिन्याला चाळीस-पंचेचाळीस युनिट. त्यांच्या बिलात स्थिर आकारच, म्हणजे वीज कितीही वापरा, दर महिन्याला भरावी लागणारी ठरावीक रक्कम, वापरलेल्या युनिटांच्या वीज आकाराच्या निम्म्याहून जास्त होता. त्यात वीज कंपनीने दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाकडे केलेल्या दरवाढीच्या याचिकेची जाहीर सूचना पेपरात आली आणि हा आकार आणखी वाढणार हे दिसलं. मी हरकत घ्यायचं ठरवलं.

पहिला मसुदा रागात लिहिला. महागाई, सामान्य माणूस, सगळं आलं त्यात. ग्राहक चळवळीत उभं आयुष्य घातलेल्या एका काकांनी तो वाचून बाजूला ठेवला. म्हणाले, "महागाई काय, आयोगालाही कळते रे. याचिकेतला तक्ता काढ, एक आकडा धर, त्यावरच बोल." तीन रात्री ती जाडजूड याचिका घेऊन बसलो. शेवटी एकच पान उरलं: तक्त्याचा क्रमांक, आजींचं बिल, आणि कमी वापरणाऱ्याला स्थिर आकार वेगळा लावा ही मागणी. एक प्रत आयोगाला, एक कंपनीला.

वीज कायदा २००३ च्या कलम ६४ मुळे हे शक्य होतं. कंपनीला दराचा अर्ज जाहीर करावा लागतो आणि आयोगाला लोकांचं म्हणणं विचारात घेऊन १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. कलम ९४ प्रमाणे आयोग ग्राहकांच्या वतीने बोलायला प्रतिनिधीही नेमू शकतो. राज्यात मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास संस्था यांच्याबरोबर आपल्याकडच्या ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनलाही अशी मान्यता मिळालेली आहे. म्हणजे कारखानदारही ग्राहकच. हे मला बेलापूरला याचिकेवरच्या सुनावणीच्या दिवशी नीट उमगलं.

माझ्या आधी उद्योजकांच्या एका संघटनेचे सल्लागार उठले. फाइलीला पानोपानी रंगीत चिठ्ठ्या. मागणी एकच, क्रॉस सबसिडी कमी करा. उद्योगांना खर्चाहून जास्त दर लावून घरगुती आणि शेतीचे दर खाली ठेवले जातात, ते थांबवा. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझा भाऊच रबाळ्याच्या कारखान्यात आहे. पण तिकडे कमी झालेला रुपया कुठून तरी भरून काढावाच लागतो, आणि तो आमच्याकडून निघाला असता. त्या सभागृहात सल्लागार, वकील, संघटना होत्या. आजींसारखं कुणीच नव्हतं.

माझं नाव पुकारलं. हात थरथरत होते, तरी आजींचं बिल वर धरून बोललो.

आदेश आला तेव्हा आधी हरकतींचं प्रकरण उघडलं. आमचा मुद्दा अडीच ओळींत होता, खाली कंपनीचं उत्तर, त्याखाली आयोगाचा निर्णय. स्थिर आकार काही कमी झाला नाही. काका म्हणाले, "नोंद झाली ना? पुढच्या याचिकेला इथूनच सुरुवात."

आता गल्लीतल्या एकवीस घरांची वर्षभराची बिलं जमवतोय. आजींनी त्यांची सगळी एका पिशवीत घालून, महिन्यांच्या क्रमाने लावून दिली आहेत.