दादाचा खोकला

मे २०२०. नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची १६० चौरस फुटांची खोली, आणि तिच्यात आम्ही पाच जण : आई, दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची चिऊ आणि मी. रोज सकाळी आई करवादायची, "रात्रीत अर्धं पिंप रिकामं होतंच कसं?" पाणी पहाटे तासभरच येतं, त्यामुळे तिचा सगळा जीव त्या पिंपात.

एका रात्री जाग आली तेव्हा कळलं. दादा मोरीत उकिडवा बसून एका हाताने तांब्या तांब्या पाणी ओतत होता आणि दुसऱ्या हाताने तोंडात पंचा कोंबून खोकत होता. भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

तेव्हा खोकला ऐकू जाणं म्हणजे काय, हे चाळीतल्या माणसाला सांगायला नको. मजला सील, घरचे सगळे क्वारंटाइन सेंटरला, आणि परत आल्यावर दारावरून जाणारेही लांबून जाणार. शेवटी वहिनीने हट्ट धरला. स्वॅब दिला, रिपोर्ट निगेटिव्ह आला. आईने देवापुढे साखर ठेवली. ती साखर मला आजही टोचते. कोरोना नाही म्हटल्यावर खोकल्याकडे बघायचंच आम्ही सोडून दिलं.

रोज संध्याकाळी कणकण, रात्री घामाने बनियन पिळून निघायचं, जेवणावरची वासना उडालेली. प्रेस बंद, पगार अर्धा, त्या काळजीनेच खंगतोय असं आम्ही धरून चाललो. ऑगस्टमध्ये त्याने खिळ्याने पट्ट्याला नवीन भोक पाडलं. पंधरा दिवसांनी आणखी एक. ते पाडताना मी समोरच बसले होते. दोन बोटं आत.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना मार्चपासून बंद होता. सप्टेंबरात एकदाची बेडक्याची तपासणी झाली. सीबीनॅट यंत्रावर टीबीचं निदान दोनेक तासांत होतं, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही तेही कळतं. पण तीच यंत्रं कोरोनासाठीही लावलेली, टीबीच्या कामावरची माणसं तापमान आणि ऑक्सिजन मोजत दारोदार फिरत होती. त्यांचा दोष नव्हता, त्या बायका राबत होत्या. पण एका आजारासाठी दुसऱ्याचा माणूस काढून घ्यायचा, हा हिशेब मला अजून पटत नाही.

टीबीच निघाला. औषध लागू पडणारा, एवढंच नशीब. आमच्याकडे शिवडीच्या टीबी हॉस्पिटलचं नाव घेतलं तरी लोक आवाज खाली आणतात, त्यामुळे आई आठवडाभर कुणाशी बोलली नाही.

देशात २०१९ मध्ये टीबीच्या २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये १८ लाखांची. आकडा वाचला आणि मला मोरीतला दादा दिसला. ते सहा लाख काही बरे झाले नव्हते. बहुतेक जण असेच कुठेतरी पंचा तोंडात धरून बसले असणार, दारं लावलेल्या खोल्यांत, घरच्यांसोबत. जगभरात टीबीचे मृत्यू दहा वर्षांहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले, तेही त्याच वर्षी.

सहा महिने आम्ही एकाच हवेत कोंडून होतो. चिऊला खबरदारी म्हणून सहा महिने आयसोनियाझिड हे टीबीचं औषध द्यावं लागलं. गोळी कुटून गुळात कालवायची, तरी ती जिभेने बाहेर ढकलायची. जानेवारीत आईच्या मानेला गाठ आली. तीही टीबीचीच.

दादाचा कोर्स मार्च २०२१ मध्ये पूर्ण झाला. आता पट्टा जुन्या भोकावर आलाय. आईचाही कोर्स संपला.

तेव्हापासून दोन आठवड्यांच्या वर कुणाचा खोकला ऐकला की मी सरळ दार ठोठावते. काहींना राग येतो, येऊ दे. गेल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या काकांना घेऊन गेले. बेडक्याची डबी हातात धरून ते म्हणाले, "अगं, कोरोनाची झाली की माझी. निगेटिव्ह आहे मी."

"माहितीये काका," मी म्हटलं. "म्हणूनच आलोय."