बोल्ट तर चांगला दिसतोय!

आमच्या खान्देशात बोल्ट टाकून द्यायची पद्धत नाही. मळ्यातल्या खोलीत, घराच्या माळ्यावर, दुकानाच्या गल्ल्याखाली कुठे ना कुठे ऑइलचा कापलेला डबा असतो. त्यात मोटरपंपाचे, ट्रॉलीचे, कुलरच्या स्टँडचे, कशाकशाचे बोल्ट गुण्यागोविंदाने नांदत असतात. चौदाचा हवा असला की तेराचेच हाताला लागतात, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे गाडीचं इंजिन खोललं की मिस्त्रीशी वाद ठरलेला. रिंग-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट यांना कोणी ना म्हणत नाही, कारण त्यांची झीज डोळ्यांना दिसते. हेड, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवर बसणारं झाकण, त्याचा बोल्ट मात्र डिझेलमध्ये धुतला की लख्ख. आटे शाबूत, गंजाचा ठिपका नाही. नव्या सेटचे पैसे ऐकले की गिऱ्हाईक म्हणतं, "बोल्ट तर चांगला दिसतोय, हाच टाका ना!" मिस्त्री तो हातात फिरवून बघतो आणि निकाल देतो, "हाऊ मरी गया, भो."

आता लख्ख बोल्ट मरतो कसा? आवळणं म्हणजे खरं तर बोल्टला ताणणं. ताणलेला बोल्ट मागे यायला बघतो आणि त्या ओढीनेच हेड ब्लॉकवर दाबून राहतं. बाजेची दोरी ओढून बांधली की बाज ताठ राहते, तसंच. फरक इतकाच की दोरी सैल पडली तर पुन्हा ओढता येते. पोलादाला ही सवलत एका हद्दीपर्यंतच. ती हद्द बोल्टच्या डोक्यावर कोरलेली असते. 10.9 लिहिलं असेल तर पहिल्या आकड्यावरून ताकद कळते : दर चौरस मिलिमीटरला साधारण 100 किलोचा भार. पुढचा 9 म्हणजे त्याच्या 90 टक्क्यांपर्यंत ताणलात तर बोल्ट मूळ लांबीवर येईल. त्यापुढे गेलात की तो वाढला तो वाढलाच.

अँबॅसिडरच्या काळात हेडला स्टड (बिनडोक्याचे, आट्यांचे दांडे) आणि वर नट असायचे, आवळणंही त्या हद्दीच्या बरंच अलीकडे थांबायचं. तेच नट-स्टड पुन्हा पुन्हा वापरून पिढ्या निघाल्या. "आमच्या वेळी तर..." हे वाक्य तिथूनच येतं आणि ते खोटं नाही. पण आजच्या बऱ्याच इंजिनांत आधी थोडा टॉर्क (आवळण्याचा मोजून दिलेला जोर) देतात आणि मग पाना अंशांत फिरवतात. आधी 90, कधी पुन्हा 90. बोल्ट मुद्दाम हद्दीला नेऊन किंचित पुढे ढकलतात. कारण ठरलेला जोर झाला की येणारा टॉर्क पान्याचा 'कट्ट' आवाज तसा फसवा असतो. आपण लावलेल्या जोरातला जवळपास 90 टक्के भाग आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो, बोल्टच्या ताणाला उरतो दहाएक टक्के. एका बोल्टला तेल लागलंय, दुसरा कोरडा, की टॉर्क सारखा आणि पकड वेगळी. अंशांनी फिरवलं की सगळे सारखे ताणले जातात. पण हे बोल्ट बहुतेक वेळा एकदाच वापरायचे.

आपल्याकडच्या उन्हात त्याची परीक्षा जास्तच. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि बोल्टला आणखी ओढतं. मे महिन्यात भुसावळ-जळगाव रस्त्यावर पारा पंचेचाळिशीला, त्यात रेडिएटर अर्धा चोंदलेला. अशा वेळी थकलेल्या बोल्टने पकड सोडली की हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट गेलंच, आणि बोल्टवर वाचवलेले पैसे टोइंगवाला घेऊन जातो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तर त्याहून वाईट. 3000 आरपीएमला पिस्टन मिनिटाला 3000 वेळा वर पोचतो आणि त्याला मागे खेचण्याचा ताण या बोल्टवर येतो. बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मग बोल्टचा विषयच उरत नाही, इंजिनच भंगारात.

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला हेडच्या नकाशाप्रमाणे भोकं पाडून ज्याचा त्याचा बोल्ट तिथेच खोचून ठेवतात. मग व्हर्नियरने प्रत्येकाची लांबी मोजतात. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये लांबीची मर्यादा देतात. तिच्या आत असेल तर बोल्ट चालतो. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का तेही बघतात. मध्येच अडला, किंवा बोल्ट कमरेत बारीक दिसला, की तो बाद. व्हॉल्व्ह कव्हर, ऑइल पॅन, ब्रॅकेट यांचे बोल्ट मात्र खुशाल जुने वापरतात, आणि ते योग्यच आहे. सरसकट सगळे बोल्ट नवे लिहून देणारा मिस्त्री मला तितकाच संशयास्पद वाटतो.

बाद झालेल्या हेड बोल्टचे आटे ते ग्राइंडरने उडवूनच भंगारात टाकतात. नाहीतर ते घरच्या डब्यात जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक. तरी गिऱ्हाईक हळहळतंच : "अहो, ट्रॅक्टरच्या शाफ्टला लागला असता ना!" तिथला शिअर बोल्ट मुद्दाम तुटण्यासाठी असतो, रोटाव्हेटर दगडाला अडला तर तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तिथे असला कडक बोल्ट घातला तर बोल्ट राहील आणि गिअरबॉक्स जाईल. मिस्त्री हे समजावून सांगेपर्यंत चहा येतो. गिऱ्हाईक फुर्रकन एक घोट घेतं, मान डोलावतं आणि विचारतं, "बरं, ते नव्या बोल्टचं... काही कमी होईल का?"