मोठ्या खोलीतील सराउंड स्पीकरांची जागा : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत आमच्या होम थिएटरचा पडदा आणि पुढचे तीन स्पीकर पक्के झाल्याचे लिहिले होते. त्यानंतरचे दोन महिने बाजूच्या आणि मागच्या अशा चार स्पीकरांची जागा ठरवण्यातच गेले. ज्यांची खोली मोठी आहे त्यांना या कामातील आकडे उपयोगी पडतील, म्हणून ते सविस्तर देत आहे.

अमळनेर येथील आमच्या जुन्या घराच्या माडीवरची ही खोली आजोबांनी कापूस साठवण्यासाठी बांधली होती. लांबी ९.१ मीटर, रुंदी ६.१ मीटर, उंची ११ फूट. वर सागवानी सरे आणि धाबे. बसण्याच्या दोन रांगा आहेत. पहिल्या रांगेतील कान पडद्यापासून ४.४ मीटरवर येतात, तर दुसऱ्या रांगेतील ६.२ मीटरवर, एक फूट उंच ओट्यावर. ७.१ मांडणीसाठी (सात स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर) डॉल्बी या ध्वनितंत्रज्ञान कंपनीची शिफारस अशी की बाजूचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या समोरच्या दिशेपासून ९० ते ११० अंशांवर असावेत आणि मागचे १३५ ते १५० अंशांवर. हे कोन ऐकणाऱ्याच्या डोक्यापासून मोजायचे असतात, भिंतीशी त्यांचा काहीही संबंध नसतो. लहान खोलीत भिंती इतक्या जवळ असतात की अंदाजाने लावलेला स्पीकरही बहुधा योग्य कोनाच्या आसपास पडतो. मोठ्या खोलीत तसे घडत नाही, हे मला चुकूनच कळले.

चूक मागच्या भिंतीवर झाली. तेथे एकमेकांपासून दोन मीटर अंतरावर दोन जुने कोनाडे आहेत. वायर ओढणे सोपे जाईल आणि स्पीकर नजरेआड राहतील, म्हणून मागची जोडी मी त्यांतच ठेवली. घरच्या चौघांना पहिल्या रांगेत डोळे मिटून बसवले, एकेका स्पीकरमधून चाचणीचा खरखराट सोडला आणि प्रत्येक वेळी अहिराणीत एकच प्रश्न विचारला : ‘आवाज कथाईन येस?’ हात वर करून दिशा दाखवायची होती. मागच्या डाव्या स्पीकरच्या वेळी दोघांनी ठामपणे पडद्याकडे बोट दाखवले. हिशेब केल्यावर कारण स्पष्ट झाले. भिंत पहिल्या रांगेच्या ४.७ मीटर मागे आहे आणि स्पीकर मध्यरेषेपासून एकेक मीटरवर होते, म्हणजे कोन १६८ अंश. आवाज जवळजवळ नेमका पाठीमागून आला की दोन्ही कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेत आणि जोरात फारसा फरक उरत नाही; नेमक्या समोरून आलेल्या आवाजाचेही तसेच असते, त्यामुळे मेंदू पुढे-मागे यांत गफलत करतो. शिवाय कोनाड्याच्या पोकळीमुळे माणसांचे आवाज घुमत होते.

मग मध्यरेषेवर सुतळी ताणली, पहिल्या रांगेच्या मधल्या आसनावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण केली आणि गवंड्याच्या गुण्याने काटकोन काढून सर्व अंतरे तिथून मोजली. मागचे स्पीकर मध्यरेषेपासून २.७ मीटरवर नेले तर पहिल्या रांगेसाठी कोन १५० अंश होतो. दुसरी रांग भिंतीपासून २.९ मीटरवर आहे, त्यामुळे तिच्यासाठी तोच स्पीकर सुमारे १३७ अंशांवर येतो. एकाच जागेने दोन्ही रांगा शिफारशीच्या मर्यादेत बसल्या, याचा मला फार आनंद झाला. पुन्हा डोळे मिटून घेतलेल्या चाचणीत एकाचेही बोट पडद्याकडे गेले नाही. या जागेची किंमत एवढीच की बाजूची भिंत आता जेमतेम ३५ सेंटीमीटरवर आहे आणि कोपऱ्यामुळे १०० ते २०० हर्ट्‌झच्या पट्ट्यातील आवाज फुगतो. तो रिसिव्हरच्या (सर्व स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्राच्या) इक्वलायझरमधून, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करण्याच्या सोयीतून, ३ डेसिबलने उतरवला.

बाजूच्या जोडीचा प्रश्न मात्र असा सरळ सुटला नाही. स्पीकर पहिल्या रांगेच्या अगदी शेजारी ठेवले तर दुसऱ्या रांगेला तेच सुमारे ६० अंशांवरून, म्हणजे चक्क पुढून ऐकू येतात. मी प्रत्येक रांगेसाठी स्वतंत्र जोडी लावून पाहिली. पण एकच आवाज दोन ठिकाणांहून येऊ लागला की पहिल्या रांगेत दुसऱ्या जोडीचा आवाज सुमारे दीड ते दोन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दिशा कळण्यात त्याने बाधा येत नाही, कारण आधी पोहोचलेल्या आवाजाचीच दिशा कान धरतो; मात्र दोन्ही लहरी एकमेकींत मिसळून काही कंप्रता खाली पडतात आणि पावसाचा आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. कमी स्पीकर आणि स्वच्छ आवाज मला अधिक मोलाचा वाटला, म्हणून दुसरी जोडी काढून टाकली. उरलेली जोडी पडद्यापासून ५.४ मीटरवर नेली : पहिल्या रांगेसाठी १०८ अंश, दुसरीसाठी ७५. दुसऱ्या रांगेवर थोडा अन्याय होतो हे मान्य आहे. पण तिला मागची जोडी उत्तम मिळते.

रांगेच्या टोकाला बसणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याच्यापासून जवळचा बाजूचा स्पीकर दोन मीटरवर आणि पलीकडचा ४.१ मीटरवर आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे इथे एक बाजू ६ डेसिबलने जड पडते. स्पीकर भिंतीवरून काढून स्टँडवर आत आणण्याचा सल्ला मोठ्या खोलीसाठी अनेकदा दिला जातो; माझ्या हिशेबाने तसे केले असते तर हा फरक ९ डेसिबलच्या आसपास गेला असता. मी उलट दिशेने गेलो : स्पीकर भिंतीवरच ठेवले, कानापेक्षा सुमारे एक मीटर वर चढवले आणि त्यांचे तोंड पलीकडच्या टोकाच्या आसनाकडे वळवले. उंचीमुळे डेसिबलभराचाही फरक कमी झाला नाही. वळवण्याचा लाभ अधिक झाला, कारण जवळच्या माणसाला आता तिरका आणि मवाळ आवाज मिळतो.

वायरिंगबद्दल थोडेसे. भिंतीच्या कडेने मागच्या स्पीकरांपर्यंत २२ मीटर वायर लागते. इलेक्ट्रिशियन दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकणार होता, मी अडीचचीच घ्यायला लावली. जाऊन-येऊन ४४ मीटर तांब्याचा रोध दीडच्या वायरीत सुमारे अर्धा ओहम होतो, अडीचच्या वायरीत ०.३३, आठ ओहमच्या स्पीकरसाठी दुसरा आकडा समाधानकारक आहे.

ध्वनिमापकाने प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणायचा होता, पण मे महिन्यात दिवसा कूलर बंद ठेवणे अशक्य आणि तो चालू असताना मापन निरर्थक. ती सर्व मापे पहाटे साडेचारला घेतली. रिसिव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरावे लागते; त्यावरून तो कोणाचा आवाज किती उशिरा सोडायचा ते ठरवतो. पारा ४५ अंशांवर गेल्यावर ही अंतरे चुकतील का, अशी शंका एका मित्राने विचारली होती. हिवाळ्यातील १५ अंशांपेक्षा तेव्हा ध्वनीचा वेग सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. पण तो सर्वच स्पीकरांसाठी सारखा वाढत असल्याने बाजूच्या आणि मागच्या स्पीकरांतील वेळेचा फरक अर्ध्या मिलिसेकंदानेही बदलत नाही. अंतरे ऋतूप्रमाणे बदलण्याची गरज नाही.

मागच्या भिंतीच्या मधल्या भागासाठी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला आणि चार इंच जाडीच्या चौकटींत भरून वर खादी ताणली. टाळीचा खणखणाट त्याने बराच दबला. खोल आवाजावर अशा चौकटींचा परिणाम होत नाही. कापूस पेट घेतो, त्यामुळे या चौकटी प्लगपासून आणि वायरींपासून दूर ठेवल्या आहेत.

आता डाव्या बाजूचा स्पीकर तेवढा तात्पुरत्या घोडीवर आहे. पडद्यापासून ५.४ मीटरवर नेमके जिन्याचे दार येते. तो अर्धा मीटर पुढे सरकवला तर डावे-उजवे कोन जुळणार नाहीत, म्हणून दारावरच्या सागवानी सऱ्यातून लोखंडी पट्टी सोडून त्याला टांगायचे ठरवले आहे. दार आत उघडते. सुताराने ते काढून बाहेर उघडणारे करून दिले की पट्टी बसेल.