ओट्याखालचा केऑस

परवा पोहे परतायला घेतले आणि ऐन वेळी गॅस संपला. भरलेला सिलिंडर ओढत आणून रेग्युलेटर बसवला, आणि माझी जुनी खोड उसळली. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण ‘गॅस’ या शब्दाची गोष्ट सांगितल्याशिवाय एकही वर्ग सोडला नाही.

ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्ट फान हेल्मॉन्ट या रसायनशास्त्रज्ञाने ६२ पौंड कोळसा जाळला. राख उरली १ पौंड. उरलेले ६१ गेले कुठे? भांड्यात कोंडून न राहणारं, डोळ्यांना न दिसणारं ते जे काही उडून गेलं, त्याला त्याने ग्रीक ‘खाओस’वरून (इंग्रजीतला ‘केऑस’) नाव दिलं, गॅस. त्याच्या भाषेत ‘ग’ घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळपास उच्चारतात, म्हणून ते जुळलंही. (हे ज्यात लिहिलंय ते त्याचं पुस्तक छापलं गेलं १६४८ साली, तो गेल्यावर चार वर्षांनी.) थोडक्यात, माझ्या ओट्याखाली १४.२ किलो केऑस आहे.

पण ग्रीकांचा खाओस म्हणजे गोंधळ नव्हेच. प्राचीन ग्रीक कवी हेसिअड सांगतो, सगळ्यात आधी खाओस झाला. शब्दाचं मूळ आ वासण्यात, म्हणजे जांभईच्या घरातलं. नुसती वासलेली पोकळी. तिच्यात ढिगारा आणून ओतला तो पुष्कळ नंतर, रोमन कवी ओव्हिडने.

‘कॉसमॉस’ तर मुळात नट्टापट्टा! नीट लावणं, सजवणं. होमरच्या काव्यात हेरा देवीचा साजशृंगारही कॉसमॉसच. विश्वाला हा शब्द पुढे लावला, पायथागोरसने म्हणे. लेकीची कॉस्मेटिक्सची पेटी त्याच घराण्यातली. ती त्या दिवशी डायनिंग टेबलवर उपडी पडली होती, शेजारी माझा पाना, रिकामा सिलिंडर वाटेत आडवा.

आई देवघरातून आली. “काय हा पसारा!”

हीच आई संध्याकाळी कीर्तनाहून येऊन म्हणाली, “बुवा छान बोलले गं, हा विश्वाचा सगळा पसारा कोणी मांडला त्यावर.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. ग्रीकांना दोन शब्द लागले, ओव्हिडला त्यातल्या एकाचा अर्थ फिरवावा लागला. आईचं सकाळ-संध्याकाळ एकावरच भागलं होतं. तिला हे सगळं सांगायला गेले, तर ती सकाळच्या पोह्यांचंच घेऊन बसली. चिवट झाले होते म्हणे.