बाबांना हॉस्पिसमध्ये ‘टाकलं’ म्हणणाऱ्यांसाठी

गोव्यातून, फोंड्याहून, डिचोलीहून, पेडण्याहून इथे अमेरिकेत येणाऱ्या फोनवर एक प्रश्न हमखास असतो, ‘शेवटी बाबांना हॉस्पिसमध्ये टाकलंत?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादा वृद्धाश्रम असतो. हॉस्पिस म्हणजे खरं तर बरं होण्यापलीकडे गेलेल्या माणसाचा शेवटचा काळ कमी त्रासाचा करणारी सेवा. मुलगा गप्प बसतो, कारण लांबच्या फोनवर समजावणार काय आणि किती. म्हणून इथे एकदाच नीट लिहिते.

अमेरिकेत हॉस्पिसचे पुष्कळ रुग्ण आपल्याच घरी असतात. वरखाली होणारी खाट, ऑक्सिजनचं यंत्र, कमोड, डायपर, औषधं हे सगळं घरपोच येतं. नर्स येते, अंघोळ घालायला मदतनीस येते, सोशल वर्कर येते, हवा असेल तर धर्मगुरू येतो. नको म्हटलं तर कोणी गळ्यात पडत नाही. मात्र रात्री कूस बदलायला, तोंड पुसायला घरचीच माणसं लागतात. तेव्हा ‘टाकलं’ म्हणण्याआधी त्या घरातली सून किती वेळा उठते तेवढं विचारा.

पैशाचं सांगते. ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर, आणि १९८३ पासून त्यात हॉस्पिस आहे. आजार नेहमीच्या गतीने गेला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. त्या आजारावरचे बरं करण्याचे उपचार थांबवून त्रास कमी करणारी सेवा घेतो, अशी सही रुग्णाने किंवा त्याच्या वतीने करायची. त्यानंतर हॉस्पिसच्या सेवेला खर्च नाही. औषधामागे फार तर ५ डॉलर, आणि घरच्यांना विसावा मिळावा म्हणून रुग्णाला काही दिवस संस्थेत ठेवलं तर त्या खर्चाचे ५ टक्के. असा विसावा एका वेळी पाच दिवसांपर्यंत मिळतो. पुष्कळ घरं थकून कोलमडतात आणि तरी हा हक्क मागत नाहीत, कारण ‘लोक काय म्हणतील’ हे समुद्र ओलांडूनही आपल्याबरोबर येतं.

सहा महिने उलटले म्हणून कोणी हाकलत नाही. आधी ९० दिवसांचे दोन टप्पे, नंतर ६० दिवसांचे कितीही. तिसऱ्या टप्प्यापासून दर वेळी हॉस्पिसचा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे तपासणीचे जादा अधिकार असलेली नर्स, रुग्णाला तपासते आणि डॉक्टर मुदत वाढवतो. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉस्पिस घेऊन घरी गेले आणि डिसेंबर २०२४ अखेर, शंभरी गाठून गेले. मध्येच मन बदललं तर सही करून बाहेर पडता येतं, पुन्हा आतही येता येतं.

आता फ्रीजमधल्या पेटीबद्दल. तिचं मला विशेष कौतुक आहे, म्हणून जरा लांबण लावते. सेवा सुरू झाली की लवकरच औषधांची एक छोटी पेटी घरी येते. संस्थेनुसार थोडा फरक पडतो, पण साधारण आत असतं ते असं: दुखण्यासाठी आणि धाप लागण्यासाठी मॉर्फिनचं दाट द्रव, घाबरेपणासाठी लोराझेपाम, मळमळ आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल, घशातल्या घरघरीसाठी जिभेखाली घालायचे अॅट्रोपिनचे थेंब, तापासाठी आणि मलावरोधासाठी गुदद्वारातून द्यायच्या गोळ्या. हे सगळं गरज पडण्याच्या आधी घरात असतं, कारण गरज पडते ती रात्री दोन वाजता, फार्मसी बंद असताना. फ्रीजवर एक फोन नंबर चिकटवलेला असतो आणि त्या नंबरावर चोवीस तास नर्स मिळते. ती सांगते, पेटीतली अमुक बाटली काढा, एवढं भरा, गालाच्या आत सोडा, अर्ध्या तासाने मला फोन करा. गिळता येत नसलं तरी थेंबभर द्रव तिथून हळूहळू भिनतं.

चूक होते ती मापात. हे मॉर्फिन सहसा एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असतं. ५ मिलिग्रॅम म्हणजे पाव मिलिलिटर. घाईत कोणी ५ मिलिग्रॅमचे ५ मिलिलिटर वाचले तर पोटात १०० मिलिग्रॅम जातं, वीसपट. म्हणून नर्सकडून बिनसुईच्या सिरिंजवर पावाच्या रेघेपाशी पेनाने खूण करून घ्या आणि डोस मिलिलिटरमध्येच लिहून घ्या. शेजारी वही ठेवा: वेळ, औषध, माप, देणाऱ्याचं नाव. दोन भावंडांनी न बोलता दोनदा औषध दिलं असं घडतं. मॉर्फिन सुरू झालं की शौचाला साफ होण्याचं औषधही सुरू झालं पाहिजे. नाही तर चौथ्या दिवशी पोट फुगतं, माणूस तळमळतो आणि दोष मॉर्फिनच्या कपाळी जातो. नीट मापाने दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही, ते दुखण्याला मारतं.

दुसरी चूक ९११ची, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या फोन नंबराची. श्वास अडकलेला दिसला की हात आपोआप तिकडे जातो. अॅम्ब्युलन्सवाले आले की छाती दाबू लागतात, नळी घालतात आणि घरी शांत जायचं ठरवलेला माणूस आयसीयूत पोचतो. तसं नको असेल तर कोणते उपचार नकोत ते लिहिलेला, डॉक्टरांच्या सहीचा पोल्स्ट हा कागद दिसेल अशा जागी हवा. कॅलिफोर्नियात तो भडक गुलाबी असतो, फ्रीजच्या दारावर लावतात. आणि पहिला फोन हॉस्पिसला करायचा.

तिसरी आपली खास: पेज. ‘दोन चमचे तरी घ्या’ म्हणून आम्ही भरवत राहतो. शेवटच्या दिवसांत शरीराला अन्न नको असतं, गिळणं मंदावतं आणि पेज श्वासनलिकेत उतरते. खाणं थांबलं म्हणून माणूस जात नाही, जायच्या वाटेवर असतो म्हणून खाणं थांबतं. तुळशीचं पाणी जरूर द्या, पण चमच्याने ओतू नका. काडीवरचा छोटा स्पंज बुडवा, पिळा आणि ओठ, हिरड्या, जीभ ओली करा.

इथलं सगळं गोड नाही. मेडिकेअर संस्थेला दिवसाप्रमाणे पैसे देतं, नर्स येवो वा न येवो. म्हणून काही संस्था भेटी काटकसरीने करतात. संस्था निवडतानाच विचारा: नर्स आठवड्यातून किती वेळा येणार, रात्री फोन उचलणारी माणसं तुमची की बाहेरची, शनिवार-रविवारी नर्स घरी येते का. समाधान नसलं तर प्रत्येक टप्प्यात एकदा संस्था बदलता येते.

मग आपल्याकडे काय? लोटलीला शांती आवेदना सदन आहे. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांची तिथे विनामूल्य सेवा होते. इथल्या चकाचक इमारतींपुढे त्याचा मला अभिमान वाटतो. शेजारपाजारही आपल्याकडे आहे, इथे तो विकत घ्यावा लागतो. राग येतो तो एकाच गोष्टीचा. मॉर्फिन जिच्यापासून बनतं ती कायदेशीर अफू आपल्या मध्य प्रदेशात, राजस्थानात पिकते आणि आपल्याच माणसाला मॉर्फिनसाठी वणवण करावी लागते. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या, कायद्याने डॉक्टर आणि औषधवाले दोघेही धास्तावले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची किचकट साखळी मोडली, मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, पण भीती अजून गेलेली नाही.

शेवटी, आईबाबांना व्हिजिटर व्हिसावर बोलावणाऱ्यांसाठी. त्यांना मेडिकेअर नाही. ग्रीन कार्ड मिळालं तरी सलग पाच वर्षं राहिल्यावरच ते विकत घेता येतं. प्रवासी विमा जुन्या आजाराला सहसा हात लावत नाही. काही धर्मादाय संस्था विम्याशिवाय सेवा देतात, तसं सोशल वर्करला थेट विचारा, लाजू नका. आणि गोव्यालाच परत न्यायचं असेल तर माणूस खुर्चीत बसू शकतो तोवर ठरवा. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरकडून आधी भरून घ्यावा लागतो, ऑक्सिजन लागणार असेल तर तेही आधी कळवावं लागतं. तिकीट काढण्यापूर्वी गोव्यात मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर आणि ते देणारी जागा नक्की करा. बाबांनी इच्छापत्र, म्हणजे उपचारांविषयीचा आगाऊ निर्देश, केला नसेल तर तोही उरकून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केल्यापासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात.